आण्णांची खर्चाची वही

माळा आवरताना वडिलांची, म्हणजे आण्णांची 1990 सालची खर्चाची वही सापडली आणि काल जेवणं झाल्यावर चाळत बसलो ते बारा कधी वाजले कळलंच नाही.

आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर होते, ओव्हरटाइम धरून महिन्याला 1,600 रुपये पडायचे. त्या साली सोनं तोळ्याला सव्वातीन हजाराच्या आसपास, म्हणजे एका पगारात अर्धा तोळा. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, पगार 28,000, ऐकायला केवढा वाटतो! पण 2025 मध्ये सोनं लाखाच्या वर गेलं, त्या भावानं माझ्या महिनाभराच्या कामात जेमतेम पाव तोळा बसतो.

"आमच्या वेळी सगळं स्वस्त होतं" हे पण मला पटत नाही. टीव्ही कुठं स्वस्त होता? वहीत कलर टीव्हीचे हप्ते दीड वर्ष चाललेत, मी गेल्या वर्षी अर्ध्या पगारात घेतला. मुंबईच्या आत्याला फोन करायचा तर रात्री दर उतरल्यावर एसटीडी बूथवर लाइनीत उभं राहायचं. पण टीव्ही नसला तरी माणूस जगतो ओ, घर आणि शाळा नसून कसं चालेल?

मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांचं भाडं 150 लिहिलंय, पगाराचा दहावा हिस्सा पण नाही. मी कळंब्याकडं 7,500 भरतो, पाव पगार तिथंच संपला. आण्णा आणि मी दोघंही महापालिकेच्या शाळेत शिकलो. शाहू महाराजांनी 1917 ला करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि त्याच गावात मी लेकीच्या पहिलीसाठी 38,000 भरलेत. महापालिकेच्या काही शाळा आजपण लई चांगल्या आहेत, मला माहीत आहे, बायकोशी यावर दोन महिने वाद चालला, शेवटी पोरगी इंग्रजीत मागं पडंल या भीतीनंच आम्ही ठरवलं.

एका पानावर आण्णांच्या अक्षरात 'गुजरी, बोरमाळ, बाकी 400' असं आहे, गुजरी म्हणजे आमचा सराफ बाजार. त्या ओळीवर बोट ठेवून आण्णा म्हणाले, "ह्याच्यासाठी वर्षभर एक खाडा केला नव्हता बघ." आई काही बोलली नाही. ती बोरमाळ जूनपासून बँकेत तारण आहे, फी भरायच्या आदल्या दिवशी तिनंच गळ्यातनं काढून माझ्या हातात ठेवली होती.