बँडमधल्या क्लॅरिनेटबद्दल, धुळ्याच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

साथीदारांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यात राग आहे, पण तो कान असलेल्या माणसाचा राग आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: पेटीवादक आप्पा जळगावकर आणि व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांना ‘उपेक्षित’ म्हणणं चूक, पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघतच नाही, मग तिचं एवढं कौतुक कशाला, आणि या दोघांच्या पंगतीला मी अमळनेर तालुक्यातल्या लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला बसवला, हा संगीताचा अपमान.

पहिला मुद्दा मान्य. आप्पांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ कितीतरी घरांत वाजलं. ‘उपेक्षित’ हा शब्द मी काढून टाकतो. मला म्हणायचं होतं ते असं, की त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं, वाजवणं मात्र आपण ऐकत नाही. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत जोगांचं व्हायोलिन साथीला असे. तिथं आपलं सगळं लक्ष बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, शब्दांकडे. त्या शब्दाच्या वजनाप्रमाणे गज कुठे थांबतो आणि कुठे ओढला जातो, हे मला कित्येक वर्षं ऐकूनही कळलं नव्हतं.

पेटीचं म्हणाल तर मींड नाही हे खरंच. याही कारणानं रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पण चांगला पेटीवाला पहिली पट्टी सोडायच्या आत दुसरी दाबतो आणि त्याच क्षणी भात्याचा जोर कमी करतो. दोन सुरांमधली फट कानाला जाणवत नाही. वाद्यात जे नाही ते हातानं भरून काढायचं, आणि तेही गायकाच्या अर्धं पाऊल मागं राहून! आप्पांच्या साथीत मला हे सगळ्यात जास्त ऐकू येतं.

आता बँड. इथे मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही.

तुम्ही विचारलंत, ‘बँडवाल्याला स्वरज्ञान असतं का?’ दादा, क्लॅरिनेट हे फार आडमुठं वाद्य आहे. बासरीत जोर वाढवला की तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरिनेटात तसं नाही. मागची अंगठ्याची किल्ली दाबली की सा च्या जागी थेट वरच्या सप्तकातला पंचम लागतो. म्हणजे खाली ज्या बोटांनी तान घेतली, ती वर घेताना बोटं वेगळी. लेखातला तो क्लॅरिनेटवाला, म्हणजे आमच्या गावचे आबा, हे चालता चालता करतात, खडीच्या रस्त्यावर, पुढे नाचणाऱ्या पोरांचे धक्के चुकवत, एका हाताच्या अंतरावर ट्रम्पेट कानात ओरडत असताना.

मी लेखात ज्या दुपारीबद्दल लिहिलं होतं ती मे महिन्यातली. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. नवरदेव मारुतीच्या पारावरून येऊन गेला होता, लग्न लागलं होतं, मांडवात वरण-बट्टीची पंगत बसली होती. बँडवाले कडेला टोप्या काढून पाणी पीत होते. आबांनी खिशातून गोळ्यांची जुनी डबी काढली. आत ओल्या फडक्यात क्लॅरिनेटची पत्ती, फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी ती पातळ पट्टी. ती तोंडात धरून बराच वेळ बसले. मी विचारलं तर म्हणाले, “पत्ती वली ऱ्हायनी तं सूर बोलस, भाऊ.” मग एक फुंकर मारली, कपाळाला आठी पडली. उन्हानं वाद्य तापून सूर चढला होता. तोंडाजवळचा सांधा त्यांनी बाहेर ओढला, अगदी दोरा जाईल एवढा, आणि पुन्हा फुंकर मारली.

सुरुवात सिनेमाच्या गाण्यानंच झाली. पण अंतऱ्यानंतर ते मुखड्याकडे परतलेच नाहीत. नि सा ग म करत वर गेले, चढताना रिषभ-धैवत वगळून, उतरताना दोन्ही घेत. दुपारचा राग भीमपलास, आणि वेळही दुपारचीच! कोमल गंधार ते सरळ लावतच नव्हते. मध्यमाला जरासा स्पर्श करायचा, मग बोट भोकावरून पुरतं न उचलता हळूच सरकवायचं. पेटीला जे जमत नाही म्हणून तुमची तक्रार आहे, ते त्या पितळी किल्ल्यांच्या काळ्या नळीवर होत होतं. बट्टी वाढणारा एक मुलगा परात हातात धरून तिथेच उभा राहिला. बाकी मांडव जेवत होता. आबांनी डोळे उघडून कुणाकडे पाहिलंही नाही.

बालगंधर्वांनी कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला आपल्या नाटक मंडळीत आणला, कारण आपलं गाणं कुणाच्या आधारानं उभं राहतं हे त्यांना ठाऊक होतं. आबांना असं कुणी बोलावलं नाही. त्यांना नारळ मिळतो, टॉवेल मिळतो, आणि ‘जरा जोरात वाजवा’ ही फर्माईश. म्हणून मी त्यांना आप्पा आणि जोगांच्या शेजारी बसवलं. तिघांची उंची सारखी आहे असं मी लिहिलं नव्हतं, आजही लिहीत नाही. तिघंही त्या क्षणाला लागतो तेवढाच सूर लावतात, हे मात्र मी कानांनी ऐकलं आहे.

यंदा आमच्याकडे पुतणीचं लग्न आहे, बँड आबांचाच. धुळ्याहून दीड-दोन तासांत पोचाल. पत्ता मेलवर पाठवतो. वरातीला नाही आलात तरी चालेल, पंगतीच्या वेळेला नक्की या. कडेची खुर्ची राखून ठेवतो.