कागद मिळाले, पण मतदान होऊन गेल्यावर

सिएटलच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींत स्थानिक सरकारचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इथे सगळा कारभार उघड असतो." मला हे अर्धंच पटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सरकारी कागद मागण्याचा इथला कायदा उत्तम आहे, त्यात वादच नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या लोकांनी १९७२ साली स्वतः मतदान करून तो आणला. लोकांनी काय जाणावं आणि काय जाणू नये हे ठरवायचा हक्क आपण सरकारी नोकरांना दिलेला नाही, असं त्यात साफ लिहिलंय. काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) असो, शहर असो की शाळेचा बोर्ड, कागद कशासाठी हवाय हे सहसा विचारता येत नाही. तिथे जाऊन कागद नुसते बघायचे असतील तर पैसे पडत नाहीत. आणि कामकाजाच्या पाच दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

पण त्या पाच दिवसांत कागदच हातात पडतील असं नाही. "तुमचा अर्ज मिळाला, अमुक तारखेपर्यंत कागद देऊ" एवढं कळवलं तरी चालतं. गोम आहे ती इथे. आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या कामाबद्दल मी एका स्थानिक कार्यालयाकडे वाहतुकीचा अहवाल मागितला होता. पाचव्या दिवशी अतिशय नम्र ईमेल आली, दीड महिन्यानंतरची तारीख देऊन. ती तारीख उजाडली तेव्हा पुढची तारीख आली. मग "पहिला हप्ता" म्हणून एक पीडीएफ आली. तिच्यात बैठकांची निमंत्रणं, कॅलेंडरच्या नोंदी, दुपारच्या जेवणाला कोणाला कुठलं सँडविच हवं त्याची यादी. अहवाल सोडून सगळं. तो मिळाला तेव्हा कंत्राट मंजूर होऊन गेलं होतं. कोणी खोटं बोललं नाही, कोणी नकारही दिला नाही.

हे काही आजचं नाही. १९९७ च्या मे महिन्यात एका हॉटेलमालकाने सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीकडे नव्या फुटबॉल स्टेडियमसंबंधीचे अभ्यास मागितले. १७ जूनला त्याच स्टेडियमवर राज्यभर मतदान होतं आणि सार्वजनिक तिजोरीतून ३० कोटी डॉलर जायचे होते. म्हणजे कागद हवे होते मतदानाआधी. मतदान झालं, ठराव थोडक्यात पास झाला, जुनं किंगडोम स्टेडियम २००० साली सुरुंग लावून पाडलं, आणि काउंटीचं कागद शोधणं चालूच. माणूस चिवट होता, कोर्टात गेला. सुरुवातीला दिवसाला ५ डॉलर दंड लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटी २०१० मध्ये तो ४५ डॉलरवर नेला. कागदांच्या गठ्ठ्यागणिक मोजलेले उशिराचे दिवस भरले ८,२५२, आणि रक्कम झाली ३,७१,३४० डॉलर.

या निकालाचं इथे फार कौतुक होतं. मलाही तो आवडतो. पण वरातीमागून आलेल्या त्या घोड्याचा मतदारांना काय उपयोग झाला? आणि दंड भरला कोणी? काउंटीने, म्हणजे करदात्यांनी. ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांच्या खिशाला त्या दंडाची झळ नाही.

इथे मला आपला माहिती अधिकार आठवतो. २००५ च्या कायद्यात विनाकारण उशीर करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, आणि तो त्याने स्वतः भरायचा. महाराष्ट्रात तो दंड किती वेळा खरंच लागतो आणि दुसरी अपिलं आयोगाकडे किती काळ पडून असतात हे मला माहीत आहे, त्यामुळे तिकडचं सगळं छान असं म्हणणार नाही. पण जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी हा विचार मला पटतो.

दुसरी बाजूही खरी आहे. काही लोक "सगळ्या ईमेल द्या" असे पोतंभर अर्ज टाकतात आणि अर्ज हाताळणारी माणसं थोडी असतात. शिवाय आता निम्मं बोलणं फोनवर होतं. शेजारच्या पिअर्स काउंटीच्या खटल्यात २०१५ साली न्यायालयाने सांगितलं की सरकारी कामाचा मेसेज खासगी फोनवरून गेला तरी तो सार्वजनिक दस्तऐवजच. छान. पण तो मेसेज शोधायचा कोणी? त्याच कर्मचाऱ्याने, आणि मग प्रतिज्ञापत्र द्यायचं! सरकारी काम खासगी फोनवर करूच नये, असा सरळ नियम का नसावा?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या विषयावर काउंटी कौन्सिल मत देणार आहे, त्यासंबंधीचा अर्ज प्रलंबित असेल तर अजेंड्यावर तशी नोंद हवी. कोणत्या खात्याकडे किती अर्ज किती दिवस अडकलेत, ते दर महिन्याला वेबसाइटवर दिसायला हवं. आणि दंड झालाच तर तो त्या खात्याच्या बजेटमधून कापून घ्या, काउंटीच्या सामायिक तिजोरीतून नको.

नऊ जणांच्या किंग काउंटी कौन्सिलपुढे नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. मी हे तिथे मांडणार आहे. रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमामिशकडच्या कोणाला सोबत यायचं असेल, किंवा स्वतःचा अर्ज अडकला असेल, तर खाली लिहा.