‘प्लगइन काढा, मायग्रेशन पुन्हा चालवा’ : इश्यू ट्रॅकर दुरुस्तीच्या एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

रेडमाइन, बगझिला, ट्रॅक किंवा जिरा यांपैकी एखादा इश्यू ट्रॅकर (बिघाड आणि कामे ‘तिकीट’ म्हणून नोंदवण्याची प्रणाली) स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : ट्रॅकर उघडेनासा झाला किंवा पानावर ‘इंटर्नल एरर’ दिसू लागली, तर दोष बहुधा प्लगइनचाच (वरून जोडलेल्या पूरक कोडचाच) असतो, म्हणून त्याचे फोल्डर काढून टाकावे, मग मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी आज्ञावली) पुन्हा चालवावे, ‘टेबल आधीच अस्तित्वात आहे’ अशी तक्रार आली, तर ते टेबल ड्रॉप करून, म्हणजे माहितीसकट काढून, पुढे जावे, डेटाबेस अडखळत असेल तर तो रिपेअर करावा आणि लॉकच्या फायली पुसाव्यात, एवढ्यानेही भागले नाही, तर सरळ ताज्या आवृत्तीवर जावे. सल्ला सोपा आहे, आज्ञा तयार मिळतात आणि पुष्कळदा पान खरोखरच उघडते, म्हणून तो टिकून आहे. माझा आक्षेप असा की, या क्रमाने गेल्यास बिघाडाचा पुरावा आधी पुसला जातो आणि कारणाचा शोध नंतर सुरू होतो; शिवाय यांतल्या काही पायऱ्या बॅकअपशिवाय उलटवता येत नाहीत, ही गोष्ट सल्ला देणारे सांगत नाहीत.

दोष बहुधा प्लगइनचा असतो, हे पहिले विधान घेऊ. संशय निराधार नाही, पण तो ज्या पुराव्यावर उभा केला जातो तो कच्चा असतो. लॉगमधल्या स्टॅक ट्रेसमध्ये (एररपर्यंत कोड कोणत्या वाटेने आला त्या यादीत) प्लगइनच्या फोल्डरचा मार्ग दिसला की गुन्हेगार सापडला, असे मानले जाते. पण तिकीट जतन करण्याच्या मूळ पद्धतीभोवती जे प्लगइन स्वतःचे आवरण घालते, त्याचे नाव प्रत्येक जतनाच्या ट्रेसमध्ये येणारच, मग बिघाड कुठलाही असो. माझ्यासमोर आलेल्या एका रेडमाइनमध्ये नवे प्लगइन बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी एका तिकिटावर शेरा जतन होईना आणि ट्रेसमध्ये त्या प्लगइनचे नाव तीनदा होते. ते काढण्याची तयारी झाली होती. त्याच लॉगमध्ये चार ओळी वर मायएसक्यूएल या डेटाबेसचा संदेश होता : ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’, क्रमांक १३६६. शेरा लिहिणाऱ्याने शेवटी एक इमोजी टाकली होती. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने मिळणारा जुना अक्षरसंच एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसते, इमोजीला चार लागतात. म्हणजे मराठी मजकूर वर्षानुवर्षे सुरळीत चालत राहतो आणि एका हसऱ्या चेहऱ्यापाशी सगळे अडते. चार बाइटांचा ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच मायएसक्यूएल ५.५.३ पासून उपलब्ध आहे. टेबले त्यात नेल्यावर शेरा जतन झाला. प्लगइनला कुणी हात लावला नाही. (त्या सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचे मूल्य नाकारणारी मांडणी, बंद असता तर हा संदेशही आला नसता, इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला गेला असता. तेव्हा एररबद्दल थोडी कृतज्ञता असू द्यावी.)

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर फसगत निराळ्या प्रकारे होते. तेथे लॉगच्या तळाशी ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ या संदेशाच्या ओळींमागून ओळी दिसतात आणि लोक तोच संदेश शोधयंत्रात टाकतात. तो केवळ प्रतिध्वनी असतो. ट्रान्झॅक्शनमधली (एकत्रच पार पडणाऱ्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटातली) एक आज्ञा फसली की पुढच्या प्रत्येक आज्ञेला तेच उत्तर मिळते. खरे कारण या रांगेतल्या पहिल्या ओळीच्या आधी, एकदाच, छापलेले असते. लॉग खालून वर वाचण्याची सवय येथे उपयोगाची नाही.

आता फोल्डर काढण्याविषयी. फोल्डर काढल्याने प्लगइनचा कोड जातो, त्याने डेटाबेसमध्ये केलेले बदल जात नाहीत. प्लगइनने तिकिटांच्या मुख्य टेबलात ‘रिकामे चालणार नाही’ अशा अटीचा आणि पूर्वनिश्चित मूल्य नसलेला कॉलम जोडला असेल, तर कोड गेल्यावर तो कॉलम भरणारे कुणी उरत नाही. जुनी तिकिटे उघडतात, नवे तिकीट मात्र नोंदवता येत नाही आणि मायएसक्यूएल १३६४ क्रमांकाची तक्रार करतो. प्लगइनने स्वतःच्या प्रकारचे कस्टम फील्ड (तिकिटावरचा वाढीव रकाना) निर्माण केले असेल, तर त्या नोंदीच्या ‘टाइप’ कॉलममध्ये अशा क्लासचे नाव राहते जो आता कुठेच नाही, आणि रेल्सला (रेडमाइन ज्यावर उभे आहे त्या चौकटीला) तो सापडला नाही की ते फील्ड दाखवणारे प्रत्येक पान कोसळते. एका बिघाडाचे दोन झाले, आणि दुसरा आपल्याच हातचा.

तात्पुरते बंद करणे आणि काढून टाकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि निदानासाठी पहिलीच हवी असते. बगझिलामध्ये एक्स्टेन्शनच्या (तेथील प्लगइनच्या) फोल्डरात ‘डिसेबल्ड’ नावाची रिकामी फाइल ठेवली की ते बंद होते. ट्रॅकमध्ये मांडणीच्या फायलीत ‘कंपोनंट्स’ या विभागातली एक ओळ बदलावी लागते. जिराच्या सर्व्हरवरील आवृत्तीत सेफ मोड (बाहेरची प्लगइने बंद ठेवणारी अवस्था) आहे, ज्यातून पूर्वस्थितीत परत येता येते. रेडमाइनमध्ये असा खटका नाही. तेथे फोल्डर ‘प्लगइन्स’च्या बाहेर हलवून सर्व्हर रीस्टार्ट करायचा, पुसायचे नाही. वर सांगितलेला धोका हलवण्यातही आहे, पण परत ठेवण्याची वाट उघडी राहते. रेडमाइनमध्ये प्लगइनचे मायग्रेशन शून्य आवृत्तीपर्यंत मागे नेण्याची जी आज्ञा आहे, ती ‘नीटनेटके अनइन्स्टॉल’ म्हणून चाचणीपुरती चालवणारेही मी पाहिले आहेत. ती आज्ञा प्लगइनची टेबले माहितीसकट काढते. चाचणीसाठी तिचा वापर करणे म्हणजे दिवा लागतो का हे पाहण्यासाठी वायरिंग उपटण्यासारखे आहे.

मायग्रेशन पुन्हा चालवण्याच्या सल्ल्यावर अधिक थांबले पाहिजे, कारण सर्वांत जास्त माहिती याच पायरीवर गमावली जाते. मायग्रेशन मध्येच फसले तर काय उरते, हे डेटाबेसवर अवलंबून असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टेबल तयार करणे, कॉलम जोडणे या आज्ञाही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, त्यामुळे फसलेले मायग्रेशन सहसा संपूर्ण मागे फिरते आणि पुन्हा चालवणे बहुतांशी निर्धोक असते. मायएसक्यूएलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा आपोआप कायम होते. समजा, एखाद्या प्लगइनच्या मायग्रेशनमध्ये तीन कामे आहेत : नवे टेबल करणे, तिकिटांच्या टेबलात एक कॉलम जोडणे आणि शेवटी एका २५५ अक्षरी कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधणे. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनाच्या जुन्या मांडणीच्या टेबलात इंडेक्सच्या एका कॉलमची मर्यादा ७६७ बाइट आहे. अक्षराला चार बाइट धरले तर २५५ अक्षरांचे १०२० होतात. तिसरे काम १०७१ क्रमांकाच्या एररने फसते. पहिली दोन कामे मात्र झालेली असतात आणि झाल्याची नोंद ‘स्कीमा मायग्रेशन्स’ टेबलात नसते, कारण ती नोंद मायग्रेशन पूर्ण झाल्यावरच होते.

अशा वेळी सल्ल्याप्रमाणे मायग्रेशन पुन्हा चालवले, की १०५० येतो : टेबल आधीच आहे. सल्ल्याप्रमाणे टेबल ड्रॉप केले, की १०६० : कॉलम आधीच आहे. कॉलमही ड्रॉप केला, की पुन्हा १०७१, म्हणजे जेथून निघालो तेथेच. आणि दरम्यान टर्मिनलवरचा मूळ संदेश कधीच वर सरकून गेलेला असतो. प्लगइन नवे असेल तर या फेऱ्यात फक्त वेळ जातो. पण तेच प्लगइन दोन वर्षे वापरात असेल आणि एखाद्याने त्याचे नेमके कोणते टेबल या तक्रारीत आले आहे हे न पाहता त्या नावाने सुरू होणारी सगळी टेबले ड्रॉप केली, तर दोन वर्षांच्या नोंदी जातात. आणि हे ड्रॉप करूनही जुन्या मायग्रेशनच्या नोंदी ‘स्कीमा मायग्रेशन्स’मध्ये शिल्लक राहतात, रेडमाइनमध्ये त्या मायग्रेशनचा आकडा, आडवी रेघ आणि प्लगइनचे नाव अशा स्वरूपात असतात. मग मायग्रेशन चालवले तर ‘करण्यासारखे काही नाही’ म्हणून ते शांतपणे संपते, आणि पान उघडल्यावर नेमकी उलटी तक्रार येते : ११४६, टेबलच नाही.

करायचे ते एवढेच असते : डंप (माहितीची पूर्ण प्रत) घ्यायचा, फसलेल्या मायग्रेशनची फाइल उघडून तिच्यातल्या कोणत्या ओळी प्रत्यक्षात झाल्या आहेत हे टेबलांची रचना पाहून ताडायचे, फक्त तेवढेच हाताने मागे घ्यायचे आणि मूळ कारण दूर करायचे. येथे ते कारण रो फॉरमॅट (टेबलातल्या ओळी साठवण्याची पद्धत) आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून नव्या टेबलांसाठी ‘डायनॅमिक’ हा प्रकार रूढ आहे आणि त्यात मर्यादा ३०७२ बाइटांपर्यंत जाते. जुने टेबल त्या प्रकारात आणले की तिसरे काम निमूटपणे होते. एवढ्यानंतरच मायग्रेशन पुन्हा चालवायचे.

रिपेअरची गोष्ट थोडक्यात. ‘रिपेअर टेबल’ ही आज्ञा मायआयसॅम या जुन्या इंजिनाच्या टेबलांच्या काळातली आहे. मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी हे रूढ इंजिन आहे आणि त्यावर ही आज्ञा दिली तर इंजिन ती मानत नाही, एवढेच उत्तर मिळते. मग लोक ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ या सक्तीने डेटाबेस सुरू करण्याच्या सेटिंगकडे वळतात आणि थेट ६ हा आकडा घालतात. ४ आणि त्यापुढच्या पातळ्या माहिती कायमची बिघडवू शकतात. १ पासून चढत जायचे, आणि तेही फक्त डंप बाहेर काढण्यापुरते.

लॉकच्या फायली पुसण्याचा सल्ला मला यांत सर्वांत घातक वाटतो. एसक्यूलाइट या एकाच फायलीत राहणाऱ्या डेटाबेसवर चालणाऱ्या ट्रॅकमध्ये ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश आला, तर त्याचा अर्थ डेटाबेस बिघडला असा नसतो. एका वेळी एकच लेखक लिहू शकतो आणि दुसरा कुणीतरी लिहितो आहे, एवढाच असतो. शेजारी दिसणारी ‘जर्नल’ शेपटीची फाइल लॉक नव्हे. लेखन अर्धवट असताना प्रक्रिया मेली असेल, तर डेटाबेस पूर्वस्थितीत आणण्याचे साहित्य त्या फायलीत असते, आणि पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना एसक्यूलाइट ते स्वतः वापरतो. ती पुसली की तोवर दुरुस्त होऊ शकणारा डेटाबेस खरोखर बिघडतो. संदेश वारंवार येत असेल, तर फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरात ठेवली आहे का ते पाहावे, कारण तेथील लॉकिंग भरवशाचे नसते. तसे नसेल आणि लिहिणारे खरोखरच खूप असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएलवर जाण्याची वेळ झाली आहे.

राहिला ताज्या आवृत्तीचा उपाय. बिघडलेल्या स्थितीत आवृत्ती बदलली, की दोन अज्ञातांचे चार होतात. रेडमाइन ४.० रेल्स ५.२ वर गेले तेव्हा रेल्सची आवृत्ती न नमूद केलेली जुनी मायग्रेशने चालेनाशी झाली, कारण ती नमूद करणे रेल्स ५.१ पासून सक्तीचे होते; मूळ पद्धतीभोवती साखळी घालण्याची जी युक्ती असंख्य प्लगइन वापरत असत, तीही रेल्सने त्याच ५.१ मध्ये काढून टाकली. रेडमाइन ५ मध्ये कोड आपोआप शोधून आणणारी यंत्रणा बदलली आणि फायलींची नावे क्लासच्या नावांशी तंतोतंत न जुळणारी प्लगइने सुरूच होईनात. म्हणजे जो उपाय म्हणून सांगितला जातो, तेच प्लगइन मोडण्याचे एक मोठे कारण आहे. शिवाय नवा कोड आवडला नाही म्हणून जुना परत ठेवला, तरी डेटाबेसची रचना पुढेच राहते. मागे यायचे तर अपग्रेडच्या आधीचा डंपच लागतो.

आणि डंप म्हणजे केवळ डेटाबेसचा नव्हे. बगझिलामध्ये जोडलेल्या फायली सामान्यतः डेटाबेसमध्येच असतात, पण रेडमाइनमध्ये त्या ‘फाइल्स’ फोल्डरात असतात आणि टेबलात फक्त त्यांची नोंद असते. फोल्डर न घेता केलेला बॅकअप परत बसवला, तर प्रत्येक तिकीट उघडते, प्रत्येक स्क्रीनशॉटचे नावही दिसते, आणि त्यावर क्लिक केल्यावर ४०४ येतो.