डोकं खाणारा डॉक्टर आणि ज्युरर नंबर सात

आज टपालात लेकाच्या नावाने ज्युरी ड्युटीचं समन्स आलं, म्हणजे कोर्टात बसून खटल्याचा निवाडा करायला साध्या नागरिकांना बोलावतात ते. एकवीस वर्षांचा घोडा, पहिलंच समन्स. मला आपलं कौतुक, फोटो काढून साताऱ्याला आजीला पाठवावा म्हटलं. चिरंजीवांनी कागद अर्धा वाचला, फोन काढला आणि इन्स्टाग्राम प्रायव्हेट करून टाकलं. "आई, लॉयर्स सगळं चेक करतात." वर मलाच हुकूम, की तू मला टॅग केलेले सगळे फोटो काढून टाक. गणपतीतला सोवळ्यातलासुद्धा!

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

जुन्या लोकांना माझा २०१८चा किस्सा माहीत आहे. नव्यांसाठी पुन्हा सांगते. आमच्या न्यू जर्सीत मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्सची यादी असं सगळं एकत्र करून त्यातून नावं काढतात. तसं माझं निघालं. खटला होता एका हॉस्पिटलवर, उपचारात हयगय केली म्हणून. नाव पुकारलं, मी जाऊन सात नंबरच्या खुर्चीत बसले. हॉस्पिटलच्या वकिलामागे एक पोरगी लॅपटॉप घेऊन बसली होती. माझं आडनाव ऐकून तिने शेजारच्याला हळूच स्पेलिंग विचारलं आणि लागली टाइप करायला. मला वाटलं, हजेरी घेतेय बिचारी.

जज्जनी विचारलं, तुम्हाला किंवा घरच्यांना डॉक्टर-हॉस्पिटलचा कधी असा वाईट अनुभव आलाय का, की त्यामुळे तुम्हाला इथे निःपक्षपाती राहता येणार नाही? मी म्हटलं, नाही. खरंच नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी तो वकील उठला आणि सात नंबरच्या ज्युररचे आभार मानून त्यांना मोकळं करावं म्हणाला. कारण? कारण द्यावं लागत नाही. ठरावीक संख्येपर्यंत माणसं विनाकारण काढायचा हक्क दोन्ही बाजूंना असतो. सगळ्यांसमोर पर्स उचलून बाहेर आले आणि पार्किंग डेकमध्ये गाडीत बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली. गार.

संध्याकाळी लिंक्डइनने कळवलं, की अमुक लॉ फर्ममधल्या कुणीतरी तुमचं प्रोफाइल पाहिलं. तेव्हा ट्यूब पेटली. फेसबुक उघडलं. तेव्हा माझं सगळं सताड उघडं असायचं. सगळ्यात वर माझीच चार दिवसांपूर्वीची पोस्ट: "या डॉक्टरने माझं डोकं खाल्लंय. रात्री दोनलाही सोडत नाही." गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकून बघितली. डॉक्टरने म्हणे खरोखरच माझं डोकं भक्षण केलं होतं!

आता तो डॉक्टर कोण? साताऱ्याचे आमचे फॅमिली डॉक्टर. आई इन्सुलिन घ्यायला टाळाटाळ करायची, म्हणून हा देवमाणूस तिकडून मला फोन करायचा, "ताई, तुम्ही सांगा, तुमचंच ऐकतील." त्यांची दुपार आणि माझी मध्यरात्र. ती पोस्ट कौतुकाची होती हो! खाली कमेंटमध्ये मीच लिहिलं होतं, की असा डॉक्टर नशिबाने मिळतो. पण कमेंटपर्यंत कोण जातं?

म्हणजे त्या वकिलाच्या हिशेबात मी कोण झाले? डॉक्टरांवर खार खाऊन बसलेली बाई, आणि वर जज्जसमोर शपथेवर खोटं बोललेली. मी! जिने दुकानदाराने पाच डॉलर जास्त दिले तर परत जाऊन दिलेत!

(नवऱ्याचं म्हणणं, पोस्टबिस्ट काही नाही, तुझा चेहराच वाद घालणारा आहे, कुठला वकील ठेवेल. असू शकतं. खरं कारण मला आजतागायत माहीत नाही. आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.)

हे सगळं कायदेशीर आहे बरं का. २०१० मध्ये आमच्याच न्यू जर्सीच्या अपील कोर्टाने सांगितलं, की वकिलाने कोर्टात बसून ज्युररांची नावं गूगल केली तर त्यात गैर काही नाही, खालच्या जज्जने त्याला अडवायला नको होतं. तोही खटला डॉक्टरकीचाच होता, बघा योगायोग. मग २०१४ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने मत दिलं, की जे सार्वजनिक आहे ते वकिलांनी खुशाल बघावं, फक्त ज्युररला फ्रेंड रिक्वेस्ट किंवा निरोप पाठवायचा नाही. आणि साइटने आपोआप कळवलं की अमक्याने तुम्हाला पाहिलं, तर तो वकिलाने साधलेला संपर्क धरायचा नाही. म्हणजे कुंपणावरून डोकवा, कडी तेवढी वाजवू नका. धन्य!

आमच्या ग्रुपमधला वकील म्हणतो, "वहिनी, पब्लिक तुम्हीच ठेवलं होतंत ना?" हो रे बाबा, ठेवलं होतं. अंगणात लोणच्याच्या फोडी वाळत घातल्या म्हणून कुणीही येऊन चाखून जावं का?

आणि "हल्ली काळच असा आहे" हे मला सांगू नका. माणूस बाहेरून बघून ज्युरी निवडायची खोड जुनी आहे. १९०८ मध्ये मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. केसरीतले लेख मराठीत, आणि निवाडा करणारे बहुतेक ते भाषांतरातून वाचणारे. निकाल सातास दोन, दोषी. सहा वर्षं मंडाले. शाळेत हे शिकताना तावातावाने बोलायचो आपण. माझी चार ओळींची पोस्ट आणि टिळकांचे अग्रलेख एका पारड्यात घालत नाहीये, उगाच कमेंटमध्ये येऊ नका. पण पोळीभाजी खाताना मला तेच आठवलं होतं, काय करू.

बरं, दुसरी बाजू. आहे, मान्य. २०२४ मध्ये ट्रम्पच्या मॅनहॅटनच्या खटल्यात वकिलांनी ज्युररांच्या जुन्या पोस्ट उकरल्या, आणि एकाची "याला आत टाका" छापाची निघाली. असा माणूस ज्युरीत नकोच. पण तिथे झालं काय? जज्ज मर्चननी त्याला आत बोलावलं, पोस्ट समोर ठेवली, विचारलं, आणि मग काढलं. विचारलं! मला एवढंच हवं होतं. "बाई, हे डोकं खाणं काय प्रकरण आहे?" दोन मिनिटांचं काम. सगळं कोर्ट हसलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोचे जज्ज अल्सप तर मला दत्तक घ्यावेसे वाटतात. २०१६ मध्ये ओरॅकल आणि गूगलच्या खटल्यात त्यांनी दोन्ही बाजूंना सांगितलं, की ज्युररांची ऑनलाइन चौकशी करू नका. करायचीच असेल, तर काय काय बघणार ते आधी ज्युररांना सांगा, आणि त्यांना सेटिंग बदलायला थोडा वेळ द्या. गूगलला सांगितलं हे, गूगलला! की गूगल करू नका.

इथवर लिहून मी कुकर लावायला गेले, आणि तिथे एक गोष्ट आठवली. लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

भाचीसाठी टेक्सासचं एक स्थळ आलं होतं. बहिणीचा फोन, "तू तिकडेच आहेस, जरा बघ ना मुलगा कसा आहे." मी बघितला की! बसून तीन वर्षांचं फेसबुक खाली-खाली सरकवत गेले. एका फोटोत हातात मोठा काचेचा मग, वर फेस, खाली लिहिलेलं "रूट बिअर". मी हसतहसत स्क्रीनशॉट पाठवला, की बघ, अगदी बाळबोध आहे गं पोरगा. तो भाऊजींच्या हाती पडला. त्यांनी "बिअर" एवढंच वाचलं. मी दोन फोन करून सांगितलं, की अहो, ते सरबत असतं इकडचं. पण एकदा नाही म्हटलं की नाही. त्या मुलाला अजून माहीत नसेल, की त्याला का काढलं.

त्यामुळे त्या लॅपटॉपवाल्या पोरीवर आता पूर्वीएवढा राग येत नाहीये. तिला सांगितलं असेल, तिने केलं. वकिलावर मात्र येतोय अजून. आडनावाचं स्पेलिंग विचारता येतं, मग बाकीचं का नाही?

लेकाला म्हटलं, नको लपवूस, आपण काय चोऱ्या केल्यात? तो म्हणाला, "आई, तुझ्या वॉलवर एका डॉक्टरने तुझं डोकं खाल्लंय. मी रिस्क घेणार नाही."

गणपतीचा फोटो काढून टाकलाय. या पोस्टमध्येही त्याला टॅग केलेलं नाही.