अर्धी आयत पुढे पाठवण्याआधी

गेल्या काही वर्षांत सोसायट्यांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुरआनातील एक आयत, म्हणजे वचन, सतत फिरताना दिसते. सूरह (अध्याय) तौबाची ही पाचवी आयत, आणि तिच्यातला तुकडाही एवढाच, की मुश्रिक, म्हणजे अल्लाहबरोबर इतरांनाही भागीदार मानणारे, सापडतील तेथे त्यांना ठार करा. दुसरीकडे, ईदमीलनाच्या आणि सर्वधर्म संमेलनांच्या व्यासपीठांवरून ‘तुमचा धर्म तुम्हाला, माझा धर्म मला’ हे वाक्य ऐकवले जाते आणि सभा खूश होऊन घरी जाते. पुण्यात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली आणि घरात रोज कुरआनाची तिलावत (पठण) होणारी मुसलमान बाई म्हणून मला या दोन्ही प्रकारांचा त्रास होतो. खरे तर दुसऱ्याचा अधिक होतो, कारण पहिला तुकडा आमच्याविषयी भीती पसरवू पाहणारे पाठवतात, पण दुसरा आम्हीच पुढे करतो आणि त्याने कोणाचीही शंका फिटत नाही.

अन्य धर्मीयांविषयी कुरआनात जे आले आहे, ते दोन निरनिराळ्या प्रश्नांबद्दलचे आहे, असे माझे मत आहे. मरणानंतर कोणाचे काय होणार, हा एक प्रश्न. आणि हयात असेपर्यंत आपल्याहून वेगळ्या श्रद्धेच्या माणसाशी कसे वागायचे, हा दुसरा. पहिल्याचा निवाडा कुरआन अल्लाहच्या हाती ठेवते आणि दुसऱ्याचा जाब माणसाला विचारते. या दोहोंची सरमिसळ झाली की द्वेष करणाऱ्यालाही आयत सापडते आणि गोड बोलणाऱ्यालाही.

आधी अवघड बाजू सांगते, कारण ती झाकून ठेवली तर पुढच्या बोलण्याला किंमत राहत नाही. इस्लामखेरीज दुसरा धर्म कोणी धरला तर तो स्वीकारला जाणार नाही, असे सूरह आल-इमरानमध्ये (३:८५) म्हटले आहे. अल्लाहबरोबर दुसऱ्या कोणाला भागीदार मानणे, म्हणजे शिर्क, याला माफी नाही, असे सूरह निसामध्ये (४:४८) आहे. अठ्ठ्याण्णवाव्या सूरहमध्ये नाकारणाऱ्यांसाठी नरकाची भाषा अगदी स्पष्ट आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा शीरखुर्म्याची वाटी हातात घेता घेता मला विचारले होते, “भाभी, राग मानू नका, पण तुमच्या कुरआनात आम्हाला नरकातच धाडलंय ना हो?” मी त्यांना सांगितले, “काकू, तशा आयती आहेत, नाही म्हणणार नाही. पण तुमचा हिशोब माझ्याकडे दिलेला नाही. माझा हिशोब होईल, तेव्हा तुमच्याशी मी कशी वागले हे त्यात विचारलं जाईल.” त्यांचे किती समाधान झाले, ते त्याच जाणोत, पण हे उत्तर मी त्यांची समजूत घालण्यासाठी रचलेले नव्हते. सूरह हजच्या सतराव्या आयतीत श्रद्धावान, ज्यू, साबिई (एक प्राचीन पंथ), ख्रिस्ती, मजूसी (अग्निपूजक) आणि मूर्तिपूजक या सर्वांची एका ओळीत नावे घेऊन, त्यांच्यातला निवाडा कयामतच्या दिवशी अल्लाह करील, असे सांगितले आहे.

शिवाय या बाजूलाही एकच सूर नाही. अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर श्रद्धा ठेवून सत्कर्म करणाऱ्या ज्यू, ख्रिस्ती आणि साबिई लोकांना भय नाही व दुःखही नाही, असे कुरआनात दोनदा (२:६२ आणि ५:६९) आले आहे. पूर्वीच्या बहुतेक भाष्यकारांनी ही आयत पैगंबर साहेबांच्या आधीच्या लोकांपुरती धरली, तर मौलाना आझादांनी तिच्यात सर्व धर्मांच्या मूळ ऐक्याचा आधार पाहिला. सन ११११ मध्ये वारलेल्या इमाम गझालींसारख्या सनातनी विद्वानानेही लिहून ठेवले आहे, की ज्यांच्यापर्यंत इस्लामचा संदेश पोचलाच नाही किंवा विकृत स्वरूपात पोचला, ते अल्लाहच्या दयेला पात्र ठरू शकतात. आजच्या काळात संदेश विकृत होऊन पोचण्यात आमचा स्वतःचा वाटा किती आहे, याचा विचार मात्र आम्ही फारसा करत नाही.

आता वागणुकीकडे येते. पैगंबर साहेबांचे सोबती अबू बक्र यांची कन्या अस्मा मदिनेत राहत होती आणि तिची आई मक्केत, जुन्याच धर्मात होती. मक्केच्या कुरैश टोळीशी तह झाला होता, त्या काळात ही आई लेकीला भेटायला मदिनेत आली. एका रिवायतीत, म्हणजे परंपरेने आलेल्या हकीगतीत, असे आहे, की तिने आणलेल्या भेटवस्तू घ्यायला आणि तिला घरात घ्यायलाही अस्मा कचरली. आई दारात आणि लेक पेचात, असा तो प्रसंग आहे. पैगंबर साहेबांना विचारले गेले तेव्हा त्यांनी आईशी नाते राखण्यास सांगितले. बुखारींच्या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबर साहेबांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहात, हा प्रसंग आहे आणि सूरह मुमतहिनाची आठवी आयत त्याच्याशी जोडली जाते. धर्मावरून जे तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घरांतून हुसकले नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागण्यास अल्लाह तुम्हाला मनाई करत नाही, असा तिचा आशय आहे. नववी आयत मनाई कोणाच्या बाबतीत आहे ते सांगते, आणि तीही श्रद्धेवरून ठरत नाही. लढणाऱ्यांशी, घराबाहेर काढणाऱ्यांशी आणि त्यांना मदत करणाऱ्यांशी मैत्री करण्यापुरती आहे. श्रद्धेत सक्ती नाही (२:२५६), ही आयतही अशाच घरगुती पेचातून आल्याचे सांगतात. मदिनेतील काहींची मुले ज्यूंमध्ये वाढली होती, ज्यूंची ती टोळी शहर सोडून निघाली तेव्हा आईबापांना मुलांना अडवून मुसलमान करावेसे वाटले, आणि त्यांना तसे करू दिले गेले नाही.

सूरह तौबाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कुरआनाच्या ११४ सूरहांपैकी आरंभी बिस्मिल्ला नसलेली ही एकमेव सूरह. सन ६२८ मध्ये कुरैशांशी हुदैबियाचा तह झाला. पुढे कुरैशांच्या मित्रटोळीने मुसलमानांच्या मित्रटोळीवर हल्ला केल्यामुळे तो मोडला आणि ६३० मध्ये मक्का मुसलमानांच्या हाती आली. त्यानंतरच्या वर्षी, हजसाठी जमलेल्या लोकांपुढे या सूरहच्या आरंभीच्या आयती जाहीर वाचल्या गेल्या. त्यांत अरबस्तानातील ठरावीक टोळ्यांना चार महिन्यांची मुदत दिलेली आहे. चौथ्या आयतीत, ज्या मूर्तिपूजक टोळ्यांनी करार पाळला त्यांच्याशी तुम्हीही मुदतीअखेर करार पाळा, असे बजावले आहे. मग ती पाचवी आयत येते. तिच्या लगेच पुढची सहावी आयत अशी, की मुश्रिकांपैकी कोणी तुमच्याकडे आसरा मागितला तर त्याला आसरा द्या, त्याला अल्लाहचे वचन ऐकू द्या आणि मग त्याला सुरक्षित जागी पोचवा. तेराव्या आयतीत या लढाईचे कारण दिले आहे: त्यांनी शपथा मोडल्या आणि आगळीक आधी त्यांनी केली. नुसत्या श्रद्धेपायी माणूस मारायचा असता, तर चौथ्या आणि सहाव्या आयतीला काही प्रयोजनच उरले नसते.

हे वाचून एखादा जाणकार म्हणेल, की जुन्या भाष्यकारांपैकी अनेकांनी हीच पाचवी आयत क्षमेच्या आणि संयमाच्या शंभराहून अधिक आयतींना रद्द करते असे मानले होते. ते खरे आहे, आणि जिहादी संघटना त्याच मताच्या आधाराने बोलतात, हेही खरे आहे. परंतु ही यादी विद्वानांनीच पुढे छाटत आणली. पंधराव्या शतकातील विद्वान सुयूतींनी रद्द आयतींची संख्या विसाच्या आसपास आणली आणि अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी ती पाचावर आणली. हे मदरशाबाहेरच्या सामान्य मुसलमानाला कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्याकडचा प्रश्न मात्र ज्यू-ख्रिस्ती या ‘ग्रंथधारकां’पुरता नाही. त्यांचे अन्न कुरआनाने हलाल ठरवले, त्यांच्या स्त्रियांशी विवाहाला परवानगी दिली. मूर्तिपूजकांशी विवाहाला दिली नाही. तरीही, ते ज्यांची आराधना करतात त्यांना अपशब्द बोलू नका (६:१०८), हा हुकूम थेट मूर्तिपूजकांच्या दैवतांविषयीच आहे. ज्या शहरात पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात आणि गणपतीचे दहा दिवस सगळे शहर रस्त्यावर असते, तेथील मुसलमानाने ही आयत तोंडपाठच करायला हवी.

जिझियाच्या आयतीची (९:२९) सफाई मी देणार नाही. त्या कराच्या बदल्यात संरक्षण मिळत असे आणि लष्करी सेवेतून सूट असे, हे खरे. पण त्यातून येणारा दर्जा बरोबरीचा नव्हता. ती त्या काळाची राज्यव्यवस्था होती आणि ती परत आणण्याची भाषा करणाऱ्याला मी माझ्या धर्माचा प्रतिनिधी मानत नाही. अकबराने हा कर १५६४ मध्ये उठवला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा लादला. तेव्हा औरंगजेबाला लिहिलेले एक फारसी पत्र शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि ते नेमके कोणी लिहिले याविषयी इतिहासकारांत वाद असला तरी त्यातील युक्तिवाद मला विलक्षण वाटतो. अल्लाहला कुरआनात केवळ मुसलमानांचा नव्हे, तर सर्व विश्वांचा पालनकर्ता म्हटले आहे, याची आठवण त्यात बादशहाला करून दिली आहे. जिझियाविरुद्धची दाद खुद्द कुरआनाच्या पहिल्या सूरहचा आधार घेऊन मागितली गेली, याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही. पुढे १९३८ मध्ये देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी पैगंबर साहेबांनी मदिनेतील मुसलमान आणि ज्यू टोळ्यांत केलेल्या कराराचा दाखला देऊन हिंदू आणि मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकतात, असे ठामपणे मांडले, तेही मुस्लिम लीगच्या ऐन जोरात.

हमीद दलवाईंनी १९७० मध्ये याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ग्रंथाचे नवे अर्थ लावत बसण्यापेक्षा धर्मनिरपेक्ष कायद्याचा आधार घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याच्या बाबतीत ती मला पटते. नागरिकांचे हक्क राज्यघटनेनेच ठरवावेत, आयतींनी नव्हे. पण माझ्या घरातली, मोहल्ल्यातली माणसे कुरआन सोडणार नाहीत, आणि ती जे वाचतात ते नीट वाचले जाणे हा त्यांच्या शेजाऱ्यांच्याही हिताचा प्रश्न आहे.

अलीकडे मशीद परिचयाचे कार्यक्रम होतात आणि ते मला मनापासून आवडतात. तेथे पाहुण्यांना वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणे) कसा करतात, मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) कशाला म्हणतात हे दाखवले जाते, चहा दिला जातो. माझी विनंती आहे, की त्यानंतर अर्धा तास काढून कुरआनाचे मराठी भाषांतर मधोमध ठेवावे, मुमतहिनाची आठवी आयत वाचावी तशी जिझियाची आणि आल-इमरानचीही वाचावी, आणि पाहुण्यांना हवे ते विचारू द्यावे. उत्तर देणारे मौलाना मराठीतून बोलणारे असावेत, आणि त्या बैठकीला आमच्या मुलामुलींनाही बसवावे. बाहेर कॉलेजात हेच प्रश्न त्यांना एकट्याने झेलावे लागतात.