हात कानाला लागंना

परवा बारक्याच्या शाळेत ओपन डे होता. बारका म्हणजे आमचं धाकटं, सिनियर केजी, वय पाच वर्षं चार महिने. टीचरनी प्रगतीपत्रक पुढं सरकवलं आणि खरं सांगतो, दहावीच्या निकालाला आला होता तसाच पोटात गोळा आला. 'रेषेच्या आत रंगवतो' समोर अर्धा ढगाआडचा सूर्य, 'पेन्सिल नीट धरतो' समोर नुसताच ढग. पूर्ण हसरा सूर्य एकाच ठिकाणी, 'डबा संपवतो'.

पेन्सिलीचं खरं आहे म्हणा. कुस्ती मारलेल्या पैलवानानं गदा धरावी तशी तो मुठीत धरतो आणि असा जोर काढतो की आकडा खालच्या चार पानांवर उमटतो. रात्री गूगल केलं तर कळलं, मनगटात आठ हाडं असतात आणि या वयात ती सगळी पक्की झालेलीच नसतात, काही अजून कूर्चाच. म्हणजे शाळा लिहायला कुणाला लावतीये, कूर्चेला? पण हे रात्री सुचलं, टीचरसमोर मी "हो मॅडम, घेतो मॅडम सराव" एवढंच.

दुसरी तक्रार, एकवीस म्हटलं की हा १२ लिहितो. आता घरात आम्ही एकवीस म्हणतो, एक आधी आणि वीस मागनं, पोरगं ऐकलं तसंच लिहितंय की! २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा त्यावरचे जोक व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त मीच फॉरवर्ड केले होते. आता भोगा.

गेटवर तर वेगळाच बाजार. एकीची मुलगी बाराचा पाढा म्हणते, एकाचा अबॅकसला जातो, मग माझ्यापण तोंडातनं निघून गेलं, आमचा पाचपर्यंत पाढे म्हणतो. शेजारनं बारका, "नाही बाबा, मला कुठं येतंय?"

घरी आलो तर आबा पत्रक उलटंसुलटं करून बघालेत. म्हणाले, "शाहू म्हाराजांनी १९१७ ला शिक्षण सक्तीचं केलं तवा पोरगं शाळंत न्हाई घातलं तर बापाला म्हैन्याला रुपाया दंड हुता. तू घालून दंड भरायलायस." फीची पावती त्यांनी बघितली असणार.

"आमच्या येळंला हे ढग-बिग न्हवतं. हेडमास्तर म्हनायचं, डोस्क्यावरनं हात घिऊन पल्याडचा कान धर. लागला का पैली. आन जन्मतारीख १ जून." आबांची १ जून, त्यांच्या दोस्तांची पण १ जून, त्या दिवशी रंकाळ्यावर एका केकात सहा म्हातारे उरकतात.

झालं, लगेच बारक्याला उभा केला. उजवा हात डोक्यावरनं घेतला, मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, तरी बोटं कानाच्या दोन बोटं वरच. बायको म्हणाली, अहो पुरे आता, पण माझ्या मनात आलंच की गेटवरच्या त्या अबॅकसवाल्याचा लागत असेल.

"लागंना न्हवं? मग अजून टाईम हाय त्येला," असं म्हणून आबा आम्हाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेले. म्हशीची धार डोळ्यासमोर ग्लासात, वर ही एवढी फेसाची टोपी. बारक्यानं एका हातात ग्लास धरला आणि दुसरा डोक्यावरनं कानाकडं नेला, कारण आता त्याला नादच लागला होता. निम्मं दूध माझ्या शर्टावर. म्हैस बघत होती.

रात्री तो हात उशाला टाकून झोपला होता, अगदी डोक्यावरनं. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि हळूच मनगट धरून जरासं, म्हणजे अगदी जरासंच, कानाकडं ओढून बघितलं.

"लागला काय बाबा?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.