का रे, दिसला नाहीस?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून वाद पेटला. काकांनी लिहिलं, "आम्ही रोज एसटीने तालुक्याला जाऊन शिकलो. आम्हाला कुठे लागले समुपदेशक?" आतेभावाने तोडगा म्हणून एका प्रेरणादायी व्याख्यानाचा व्हिडिओ टाकला.

असे व्हिडिओ मी जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात रात्र रात्र पाहिले आहेत. वीस मिनिटं अंगात बळ यायचं आणि सकाळी त्याच्या दुप्पट लाज वाटायची.

जर्मनीत आखेन शहरात येण्याआधी दोन वर्षं मी पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करत होतो. अभ्यासिकेत दोन दिवस माझं टेबल रिकामं दिसलं की शेजारचा नांदेडचा मित्र खोलीवर यायचा. "का रे, दिसला नाहीस?" इथे आखेनला बहुतेक तासांना हजेरीच नसते. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत अंधार पडतो. तीन आठवडे मी तासाला गेलो नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकच विषय तिसऱ्यांदा राहिला तर साधारणपणे तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. व्हिसासाठी बँकेत अडकवलेले ११,९०४ युरो वडिलांनी कर्ज काढून उभे केलेले. फोनवर मी म्हणायचो, सगळं छान चाललंय.

शेवटी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात नाव नोंदवलं. पैसे लागले नाहीत, पण काही आठवडे थांबावं लागलं. आत गेल्यावर माझा पहिला प्रश्न होता, हे परीक्षा विभागाला कळेल का? घरी कळेल का? बाई म्हणाल्या, नाही. मानसशास्त्रज्ञाने असं गुपित फोडणं जर्मन दंडसंहितेच्या कलम २०३ नुसार गुन्हा आहे. मग त्यांनी विचारलं, गरम जेवण शेवटचं कधी जेवलास? रोज बारा वाजता मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या स्वस्त खानावळीत, जेवायचं आणि उजेड असेतो बाहेर चालून यायचं, एवढंच ठरलं. जेवताना टेबलावर माणसं भेटली. त्यांच्यातूनच अभ्यासाचा गट जमला. पुस्तक उघडावंसं वाटलं ते त्यानंतर.

म्हणून न्यायालयाचा आदेश मला मनापासून हवा आहे, पण भीतीही वाटते. आमच्या कॉलेजात एका मुलीने मार्गदर्शक शिक्षिकेपाशी मन मोकळं केलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन गेला. त्यानंतर तिथे कुणीच गेलं नाही. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी असेल आणि तो त्यांनाच उत्तर देणार असेल, तर पद भरूनही खुर्चीसमोर कुणी बसणार नाही. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मोफत आहे. पण कॉट बेसिसवर चौघांत राहणाऱ्या मुलाने बोलायचं कुठे?

परवा काकांना फोन केला. त्यांना विचारलं, तुम्ही कॉलेजला गेला नाहीत तर कुणाच्या लक्षात यायचं? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या गाडीचे कंडक्टर होते ना. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी तिकीट फाडता फाडता विचारायचे." त्यांचं नावही काकांना अजून आठवतं.